खमतखामणा डॉट एपीके

फाईल सहा पूर्णांक चार एमबीची होती. हात जोडलेल्या एका चित्राला एवढी जागा लागत नाही. दोनशे केबी, फार तर तीनशे. नावाच्या शेवटी जेपीजी नव्हतं, एपीके होतं, म्हणजे ते चित्र नव्हतंच, ते फोनमध्ये शिरणारं ॲप होतं. या दोन्ही गोष्टी मी उघडण्याआधी पाहिल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर दिवसभर मी प्रत्येकाला सांगत राहिले की माझं लक्ष नव्हतं. लक्ष होतं. सकाळचे दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती. जळगावच्या ज्या खासगी लॅबमध्ये मी पाण्याचे नमुने तपासते तिथे यावलकडच्या कूपनलिकांच्या बाटल्या समोर रांगेत ठेवल्या होत्या आणि उकाड्याने मोज्यातला हात ओला झाला होता. मी मोजा दातांनी ओढून काढला, जे मी लॅबमध्ये दुसऱ्या कुणाला करू देत नाही, आणि अखिलच्या नावाखाली आलेल्या फाईलवर बोट ठेवलं. अखिल माझा सख्खा भाऊ. तो धुळ्यात असतो. दोन वर्षांत त्याच्याकडून मला एक शब्दही आला नव्हता. त्या फाईलच्या नावात मात्र एक शब्द होता: खमतखामणा.

आदल्या दिवशी संवत्सरी झाली होती. आमच्या जैन घरांत त्या संध्याकाळी प्रतिक्रमण उरकलं की सगळे एकमेकांसमोर हात जोडतात. सासू सुनेसमोर, शेठ मुनिमासमोर. वर्षभरात मनाने, बोलण्याने, वागण्याने दुखावलं असेल तर क्षमा करा. समोरच्याने नाही म्हणायचं नसतं. माझी दादी, सूरजबाई, लहानपणी मला बसवून पोस्टकार्डं लिहून घ्यायची. मालेगावच्या आत्यापासून पालीच्या दूरच्या मामांपर्यंत सगळ्यांना तोच मजकूर, आणि माझं अक्षर बिघडलं की म्हणायची, माफी मागतेयस की सूड उगवतेयस. आता कार्डं फोनवर येतात. एका बोटात दोनशे जणांची माफी मागून होते. पण एक गोष्ट अजून तशीच आहे: त्या दोन दिवसांत आलेलं कार्ड आमच्यातला माणूस न उघडता ठेवत नाही. न उघडणं म्हणजे समोरचा हात जोडून उभा असताना तोंड फिरवणं. ज्याने कुणी ही फाईल बनवली त्याला हे ठाऊक होतं. तो कुठे बसलेला असतो मला माहीत नाही, पण त्याने आम्हाला नीट वाचलं होतं. वर्षातले तीनशे त्रेसष्ट दिवस सावध असणारी माणसं कोणत्या दोन दिवशी दार उघडं ठेवतात, एवढंच त्याला लागत होतं.

फोनने मला तीन वेळा विचारलं. अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप टाकायचं का? मी हो म्हटलं. हे ॲप तुमचे मेसेज वाचू शकेल, चालेल का? चालेल. हे ॲप तुमचे संपर्क पाहू शकेल. पाहू दे. मग पांढऱ्या पडद्यावर जोडलेले हात आले, खाली 'धन्यवाद', आणि पडदा मिटला. गेल्या दीड वर्षात मी एकोणीस शाळा-कॉलेजांत फोन कसा सांभाळावा यावर बोलले आहे. शुक्रवारी चाळीसगावला मुलींच्या एका वसतिगृहात विसावं भाषण आहे. मी फळ्यावर फाईलचं नाव लिहिते आणि शेवटची तीन अक्षरं गोल करते. ओळखीच्या नंबरवरून आलं म्हणून विश्वास टाकू नका, असं सांगते. माणूस ओळखीचा असतो, त्याचा फोन नसतो. मुली हे वहीत लिहून घेतात. मी त्या तीन अक्षरांकडे बघत होते आणि माझ्या मनात एकच विचार होता: त्याने पाठवलं. शेवटी पाठवलं. त्यात काय आहे हे उघडून बघायचीही खरं तर गरज नव्हती, पण दोन वर्षं वाट पाहिल्यावर माणूस पाकीट नुसतं बाहेरून बघून ठेवून देत नाही.

मी उत्तरही दिलं. 'ठीक आहे भैया.' टाइप करताना तीनदा खोडलं. आधी लिहिलं, 'मीपण', ते खोटं वाटलं, कारण मी त्याचं काही केलं नव्हतं. मग लिहिलं, 'एवढंच?', तेही खोडलं. 'ठीक आहे भैया' पाठवलं आणि पुन्हा मोजा घालून नमुने घ्यायला लागले. पुढची सत्तावीस मिनिटं मी हलकी होते. हे मोजून सांगते, कारण मला ती मिनिटं परत हवी आहेत आणि ती परत कुणाकडे मागायची ते कळत नाही. पिपेटमध्ये पाणी चढत होतं, नळ्यांमध्ये दहा-दहा मिली पडत होतं, आणि मी त्याला धुळ्याच्या आमच्या आग्रा रोडच्या दुकानात बघत होते, स्टीलच्या डब्यांच्या उतरंडीमागे, फोन हातात धरून, पाठवू की नको करत असलेला. त्याला मी एवढा अवघडलेला कधी पाहिला नव्हता. त्या चित्रात तो मला आवडला.

फोनही त्यानेच दिला होता, राखीला. बी.एस्सी. झाले त्या वर्षी. डबा आधीच फोडलेला होता. 'सगळं सेटिंग करून ठेवलंय, तुला काही करायला नको,' तो म्हणाला, आणि पप्पा कौतुकाने म्हणाले, बघ, भाऊ म्हणतात याला. मी तो फोन घेऊन जळगावला एम.एस्सी.ला आले. आठ महिन्यांनी सुट्टीला धुळ्याला गेले तेव्हा रात्रीच्या जेवणाला सगळे बसलो होतो. अखिल भाकरी मोडता मोडता म्हणाला, "दादी, एक ताट जास्त करत जा कधीतरी. काही लोकांना तुझ्या हातची दाल-बाटी खायचीय." दादी म्हणाली, "कोणाला रे?" तो म्हणाला, "असेल कोणी. डोंगराकडचं." आणि माझ्याकडे न बघता पाणी प्यायला. हे वाक्य मी दोन दिवसांपूर्वी होस्टेलच्या गच्चीवर नवलला फोनवर बोलले होते. आधी माझ्या दादीच्या हातची दाल-बाटी खा, मग बोल, असं. गच्चीवर कुणी नव्हतं. त्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला वाटलं, योगायोग किती वेळा घडू शकतो याचं गणित मांडता येईल. ताटातल्या वाटीत वरण थंड होत होतं आणि मी शक्यता मोजत होते.

नवल माझ्याच वर्गात होता. यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा. घरी पावसावरची थोडी शेती, डिंक, चारोळी, आणि ऊस तोडायला जाणं. तो प्रयोगशाळेत सगळ्यात स्वच्छ हाताने काम करायचा. माझ्या प्लेटांवर बुरशी यायची, त्याच्या कधी नाही. मी परत आल्यावर काही बोलले नव्हते, त्यानेच एकदा वेळ लावायला माझा फोन उचलला आणि म्हणाला, "हा तापलाय का गं? तू तर हात पण नाही लावला सकाळपासून." मग आम्ही लॅबचा थर्मामीटर त्यावर ठेवला. अडतीस. त्याचा फोन शेजारी ठेवला. एकतीस. दर अर्ध्या तासाला आकडे घेतले, बॅटरीची टक्केवारी लिहिली, आलेख कागदावर बिंदू जोडले. रेघ सरळ खाली जात होती, जणू आत कुणीतरी सतत जागं होतं. मी आजवर बरेच आलेख काढले. एवढा शुद्ध कुठलाच आला नाही. दोन तासांनी सेटिंगमध्ये खोल ते सापडलं, 'सिस्टम सर्व्हिस' असं साधं नाव घेऊन बसलेलं, मायक्रोफोन, मेसेज, ठिकाण, सगळं ज्याच्या हातात होतं असं. नवल म्हणाला, "काढू नको. आधी बघू कुठे जातंय." मी काढून टाकलं. कुठे जात होतं ते मला माहीत होतं.

आणि काढल्याबरोबर पलीकडे कळलं. तिसऱ्या दिवशी अखिल आणि पप्पा कॉलेजात आले, विभागप्रमुखांच्या खोलीत बसले. मला बोलावलं. पप्पा खिडकीबाहेर बघत होते. अखिलने त्याचा फोन टेबलावर, पेनस्टँडच्या शेजारी, सरळ ठेवला. "सरांना ऐकवू का काही?" त्याने विचारलं, अगदी साध्या आवाजात, गिऱ्हाइकाला दुसरा डबा दाखवू का विचारतात तसा. त्या फोनमध्ये माझा आठ महिन्यांचा आवाज होता. मी काय काय बोलले होते ते मला आठवत नव्हतं, हीच भीती होती. सरांनी कागद पुढे सरकवला. मी लिहिलं: 'नवल कुवरसिंग पावरा हा विद्यार्थी मला वारंवार फोन व मेसेज करून त्रास देतो.' तेरा शब्द. खाली सही. कुणी मला हे वाक्य सांगितलं नव्हतं. ते माझंच होतं. हे मी भाषणात कधी सांगत नाही, की फोनमधलं ॲप निघतं, पण त्याने घाबरलेला माणूस काय लिहून देतो ते निघत नाही. नवलचं नाव प्रकल्पातून कमी झालं, मग तो वसतिगृहातून गेला, मग वर्गातून. त्याचे वडील, कुवरसिंग, एकदा आले होते. व्हरांड्यात उभे होते, पायातल्या चपला काढून, जणू ते देऊळ होतं. मला बघून म्हणाले, "बाई, पोरानं काय केलं, एवढं सांगशील?" मी प्रसाधनगृहात गेले आणि ते जाईपर्यंत नळ चालू ठेवला.

त्यानंतर मी फोनचं सगळं शिकले. कोणती परवानगी काय करते, कोणती फाईल कुठून येते, चोर कोणत्या शब्दाने दार वाजवतो. लोकांना वाटतं, समाजसेवा. मला ते धुणं होतं, नळ चालू ठेवण्यासारखंच. अखिलशी बोलणं बंद केलं. तो गावाला गेला की मी धुळ्याला जायची, दादीला भेटून सहाच्या बसने पारोळ्यावरून परत. नवलचा नंबर मात्र पुसला नाही. 'एन. लॅब' म्हणून ठेवला. दर संवत्सरीला त्याचं नाव उघडून बघायची, दोन शब्द टाइप करायची आणि खोडायची. मला वाटायचं, आधी अखिलने मागायला हवी. रांग असते. ज्याने आधी केलं त्याने आधी मागावी, मग माझी पाळी.

दिपमाला, माझ्यासोबत लॅबमध्ये काम करते ती, शेजारच्या टेबलावरून फोन हलवत आली तेव्हा दहा चव्वेचाळीस झाले होते. "काय पलकशेठ, आज एकदम माफीबिफी? कशाची? चातुर्मासात चोरून माझ्या डब्यातलं वांग्याचं भरीत खातेस त्याची?"

मी तिचा फोन घेतला. माझं नाव होतं, माझा फोटो होता, खाली तेच जोडलेले हात, तेच सहा पूर्णांक चार.

"तू उघडलंस?"

"कसलं उघडतेय! जागाच नाही माझ्या फोनमध्ये. नणंदेच्या हळदीचे व्हिडिओ ठासून भरलेत. का गं, एवढी पांढरी का पडलीस?"

माझा फोन तेव्हाच वाजला. अखिल. दोन वर्षांनी त्याचा आवाज कानात आला आणि तो घाईत होता, दुकानात गर्दी असावी, मागे भांडी आदळत होती. "पलकू, माझ्या नंबरवरनं काही आलं असेल तर उघडू नको. व्हायरस आहे. मला कोणीतरी पाठवलं, मी उघडलं, ते सगळ्या जगाला गेलं."

"उघडलं मी."

तो हसला. मनापासून हसला. "तू? अगं मास्तरीणबाई, तू तर गावोगाव शिकवत फिरतेस म्हणे!" मग थांबून म्हणाला, "बरं, आणि ते 'ठीक आहे भैया' कशाबद्दल होतं?"

माझ्यासमोर नळ्यांचा स्टँड होता. पाच ओळी, प्रत्येकीत तीन नळ्या. मी त्या मोजल्या. "चुकून गेलं," मी म्हणाले.

"मला वाटलंच. ऐक, तुझ्याकडनं कोणाकोणाला गेलं त्याची यादी दे पाठवून. पप्पा आणि मी एकेकाला फोन करतोय. घरच्या नावावर नको काही यायला."

"यादी कशाला तुला?"

"कशाला म्हणजे? त्यात लपवण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला. त्या प्रश्नात काहीच नव्हतं. त्याला काही आठवत नव्हतं, हे मला त्या क्षणी समजलं. त्याने माफी रोखून धरली नव्हती. त्याच्याकडे रोखायला काही नव्हतंच. त्याच्या लेखी त्याने बहिणीला एका फोनसकट सांभाळलं होतं आणि ते काम संपलं होतं. मी दोन वर्षं ज्या दाराशी उभी होते ते दार नव्हतं, भिंत होती, आणि भिंतीला राग येत नाही.

फोन ठेवल्यावर मी फ्लाइट मोड लावायला पडदा खाली ओढला आणि उत्तरांची माळ दिसली. 'तुलाही खमतखामणा बेटा.' 'अगं उघडत नाहीये, परत पाठव.' एका मावशीने चार वेळा हात जोडले होते. मधेच 'एन. लॅब'. वेळ दहा एकेचाळीस. 'बघितलं. दोन वर्ष लागले तुला. असू दे. मी रोज ठरवायचो, तुझा मेसेज आला तर उत्तर द्यायचं नाही. पण आला तर बरं वाटलं. बाबांना पण सांगतो आज.'

मी ते दोनदा वाचलं. मग फ्लाइट मोड लावला, सिम काढलं, आणि दिपमालाचा फोन मागितला. मला काय करायचं होतं ते अगदी स्पष्ट होतं. एकोणीस ठिकाणी मी ते सांगितलं होतं. ज्यांना गेलं त्या प्रत्येकाला दुसऱ्या फोनवरून लगेच कळवा. लाज वाटून घेऊ नका, उशीर करू नका. अडचण फक्त ही होती की नवलला सावध करायचं म्हणजे त्याला सांगायचं, ते मी पाठवलं नव्हतं. आणि न सांगावं तर त्याचा फोन आतून कुणीतरी चाळत राहणार, आणि माझी माफी त्याच्याजवळ राहणार. काही सेकंद मी खरंच तोललं. कुणी विश्वास ठेवणार नाही, पण तोललं.

नंबर मला पाठ होता. मागे मुलांचा गलका होता. तो आता पिंपळनेरच्या बाजूला एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवतो एवढं मला कुणाकडून तरी कळलं होतं.

"कोण?"

"पलक. दुसऱ्या फोनवरून बोलतेय."

"थांब थांब." चालण्याचा आवाज, मग गलका मागे पडला. "बोल. मेसेज बघितला ना माझा? मी एवढा मोठा कधी लिहीत नाही." त्याच्या बोलण्यात हसू होतं.

"नवल, ते कार्ड मी पाठवलेलं नाही. व्हायरस आहे. माझ्या फोनमधून आपोआप सगळ्यांना गेलंय."

त्याच्याकडे कुठेतरी शाळेची घंटा झाली.

"आपोआप," तो म्हणाला.

"तू उघडलंस का?"

"उघडलं ना. दुसऱ्या कोणाचं असतं तर नसतं उघडलं. मी पोरांना पण सांगतो, असलं काही उघडायचं नाही. तुझं होतं म्हणून." मग जरा वेळाने, "बठ्ठासले गयं म्हणजे. मले एकट्याले नाही." सगळ्यांना गेलं, हे तो पूर्वी असं अहिराणीत म्हणाला नसता, त्याची बोली वेगळी होती. हे त्याला पिंपळनेरने दिलं होतं. एवढ्यातही माझ्या मनाने ती नोंद केली.

"दोनशे बारा जणांना."

"बरं," तो म्हणाला. "मग आता बोल. आता तर तूच शेस ना फोनवर? आता काही आपोआप नाही."

तीन सेकंदांचं काम होतं. शब्द मला येत होते. मी सात वर्षांची असल्यापासून पोस्टकार्डांवर ते लिहीत आले होते. दिपमाला दोन हातांच्या अंतरावर बसून नळ्यांना लेबलं लावत होती, कान इकडे देऊन. घसा कोरडा नव्हता, आवाज अडकला नव्हता, असं काहीही झालं नाही. मी फक्त बघितलं की माझ्याजवळ दुसरं काहीतरी जास्त घाईचं, जास्त उपयोगाचं, जास्त स्वच्छ आहे.

"आधी फ्लाइट मोड कर," मी म्हणाले.

आणि मग मी थांबले नाही. सिम काढ. सेफ मोडमध्ये चालू कर. ॲपच्या यादीत नाव नसलेलं, नुसतं पांढरं चिन्ह असेल, ते काढ; निघालं नाही तर डिव्हाइस ॲडमिनमध्ये जाऊन आधी त्याचा हक्क काढ. व्हॉट्सॲप दुसरीकडे कुठे जोडलेलं आहे का बघ. सहा आकडी पिन लाव. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदल. सायबर पोलिसांच्या एकोणीसशे तीस नंबरला फोन करून नोंद कर. तो प्रत्येक पायरीला "हूं" म्हणत होता, पूर्वी प्रयोगाची कृती लिहून घेताना म्हणायचा तसा. सगळं सांगून झाल्यावर मी म्हणाले, "समजलं का?" माझा आवाज अगदी व्याख्यानातला होता.

"समजलं. आता माझं ऐक. माझ्या फोनमधून ते शाळेच्या ग्रुपवर गेलं. पालकांचा ग्रुप शे. एकशे चाळीस माणसं. चार-पाच जणांनी उघडलं पण. हेडमास्तर आत्ताच विचारून गेले, पावरा सर, हे काय लावलंय. मी तासिकेवर शे, कायम नाही. इथे कोणाला बोट दाखवायला कारण लागत नाही. मला लेखी दे एक. तुझ्या लॅबच्या कागदावर. कोणाच्या फोनवरून आलं, कसं आलं, माझा दोष नाही. तुझ्या नावाने दे." आणि मग, रागाने नाही, अगदी माहिती दिल्यासारखं: "तू लिहिलेलं चालतं सगळीकडे."

"देते," मी म्हणाले. "अर्ध्या तासात."

लॅबच्या संगणकावर बसले. आधी अखिलची यादी काढली, कारण ती सोपी होती. संपर्कांची प्रत मी दर महिन्याला ठेवते. दोनशे बारा नावं. एक ओळ निवडली, काढली, खालची नावं एकेक घर वर सरकली. कुठेही फट दिसत नव्हती. दोनशे अकरा पाठवली. मग नवलचं पत्र. आमच्या अहवालाचा साचा ठरलेला आहे: दिनांक, नमुना, निरीक्षण, स्रोत, निष्कर्ष. पाण्याच्या अहवालात स्रोत म्हणजे विहीर, कूपनलिका, टाकी. मी निरीक्षण लिहिलं. फाईलचं नाव, आकार, वर्तन, पसरण्याची पद्धत. चांगलं लिहिलं. निष्कर्ष लिहिला: श्री. नवल पावरा यांनी सदर फाईल हेतुपुरस्सर पाठवलेली नाही. स्रोतासमोर लिहिलं: 'माझा, म्हणजे पलक भिकमचंद यांचा, वैयक्तिक फोन.'

ते वाक्य पडद्यावर बराच वेळ होतं. खरं वाक्य कसं दिसतं ते मी बघत होते. कागद पिंपळनेरला जाईल. हेडमास्तर त्याचा फोटो काढतील, ग्रुपवर टाकतील, निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून. फोटो पुढे जाईल, जसे सगळेच जातात. चाळीसगावच्या वसतिगृहाच्या बाई तो शुक्रवारपर्यंत पाहतील. धुळ्याला अखिल पाहील: नवल पावरा आणि खाली माझी सही, पुन्हा एका कागदावर, आणि विचारेल, हा नंबर यादीत का नव्हता. यातलं काही घडेलच असं नाही. मी शक्यता मोजल्या. त्या फार मोठ्या नव्हत्या. तेवढ्या पुरल्या. मी 'माझा' खोडलं आणि लिहिलं, 'एका परिचित व्यक्तीचा फोन.' हे वाक्य चुकीचं नाही. त्यात एकही खोटा शब्द नाही. मागच्या वेळी मी खोटं लिहिलं होतं. या वेळी मी अचूक लिहिलं, एवढी प्रगती होती. प्रिंट काढली, शिक्का मारला, फोटो घेतला, दिपमालाच्या फोनवरून त्याने दिलेल्या एका सहकाऱ्याच्या नंबरवर पाठवला.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे उघडले. दिपमालाने न विचारता भरीत माझ्याकडे सरकवलं. मी घेतलं नाही. तिने कुणाचा फोन होता ते विचारलं नाही, फक्त म्हणाली, "तुमच्यात एवढं बरंय बाई, वर्षातून एकदा सगळं पुसून टाकता." तिचा फोन वाजला. तिने डाव्या हाताने उचलला, वाचला, आणि मोठ्याने वाचून दाखवला, कारण तिला वाटलं कामाचं आहे. "मिळालं. चांगलं लिहिलंय. पण हेडमास्तर म्हणता, ही परिचित व्यक्ती म्हणजे कोण? नाव असलं तर आत्ता मिटेल, नाही तर ते वर कळवतील. फक्त नाव टाकून परत पाठवते का?"

ती माझ्याकडे बघत होती. बोटाला भरताचं तेल होतं म्हणून तिने फोन मनगटाने धरला होता.

"काय लिहू?"

"लिही," मी म्हणाले, "तपास चालू आहे."

तिने एका बोटाने टाइप केलं. सावकाश, एकेक अक्षर. "पाठवू?" मी मान हलवली. मग आम्ही जेवत राहिलो. उत्तर यायला बराच वेळ लागला, आणि ते आलं तेव्हा तिने ते वाचून दाखवलं नाही. फोन माझ्यासमोर, डब्याच्या झाकणाला टेकवून ठेवला आणि हात धुवायला उठून गेली. पडद्यावर एकच शब्द होता.

'समजलं.'